शेहेचाळीस वाव दोर

दादू तांडेलाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घिवली गावात कुणाला सांगावं लागत नाही. पण पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दिवसांत तो आणखी चढायचा. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, दर्या खवळलेला, हाताला जाळी शिवण्यापलीकडे काम नाही. मग माणसानं भांडायचं नाही तर करायचं काय? त्यात यंदा भांडायला कारणही तसंच तगडं होतं.

कारण होतं नारळाचं. नारळी पुनवेला गावाचा पहिला नारळ दर्याला द्यायचा मान दादूच्या घराचा. बापानं दिला, आज्यानं दिला, पुढं दादूनं दिला. आणि तो नुसता पाण्यात सोडायचा नाही. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडे फेकायचा. लाटेनं तो परत वाळूवर आणून टाकला की संपलं, अख्खं गाव वर्षभर तोंड पाडून बसणार. दादूचा नारळ कधी परत आला नव्हता.

गेल्या वर्षी पुनव तोंडावर आली असताना दादू होडीच्या ओल्या फळीवरून घसरला आणि उजवा खांदा मोडून बसला. पुनवेच्या दिवशी हा बोईसरच्या दवाखान्यात, गळ्यात झोळी अडकवून. गावानं मग ललितला, दादूच्या जुन्या होडीसोबत्याला, पुढं केलं. ललितनं नारळ झोकात लाटेपार टाकला, नंतरचा हंगामही बरा गेला, आणि ललितच्या भावकीला वाटायला लागलं की मान आता आपलाच. कुणीतरी वर अशीही फोडणी घातली की घिवलीत आधी आले ते ललितचेच पूर्वज, दादूचे मागाहून. झालं! दादूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाटलानं दोन्ही घरांना सांगितलं, पुनवेआधी देवळात बैठक घेऊ, ज्यानं त्यानं आपलं म्हणणं मांडा, तोवर गप्प राहा.

गप्प तर ते दोघे तसेही होते. तरुणपणी एकाच होडीवर वर्षानुवर्षं काढलेली माणसं ही. एका ताटलीत कालवण खाल्लेलं. वर्षभर त्यांच्यात एक शब्द नव्हता. रस्त्यात समोरासमोर आले की एकजण दर्याकडे बघायचा, दुसरा ताडाच्या शेंड्याकडे.

आणि एक गोष्ट दादूनं कुणालाच सांगितलेली नव्हती. खांद्याचं हाड जुळलं होतं, पण खांदा सुटला नव्हता. डॉक्टरनं भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सांगितला होता. तांडेल माणूस, होडी हाकणारा, तो काय भिंतीवर पालीसारखी बोटं चढवणार! त्यानं तो चार दिवस केला आणि सोडला. आता हात डोक्याच्या वर न्यायचा म्हटलं की आतून कळ निघायची. बायको जमना विचारायची, "अवो, हात बरा हाय ना?" तर हा खेकसायचा, "काय धाड भरलीय हाताला?" पुनव जवळ येत होती. मान मिळाला नाही तर जीव जाईल, आणि मिळाला तर नारळ जाईल का, अशी त्याची दोन्हीकडून पंचाईत.

अशात एका सकाळी त्याची सून रुचिता पडवीत येऊन उभी राहिली. रुचिता पालघरकडची, गावच्या शाळेत शिकवते. तिच्या हातात दोराचं भलंमोठं वेटोळं होतं.

"बाबा, तुमचे हात पाहिजेत जरा."

"कशाला?"

"पृथ्वी मोजायचीय."

दादूनं जाळ्यातली सुई थांबवली. सुनेला चेष्टा करायची सवय आहे हे त्याला माहीत होतं, पण सकाळी सकाळी?

रुचितानं वेटोळं खाली टाकलं आणि नीट सांगितलं. शाळेतल्या पोरांना पृथ्वीचं वय शिकवायचं आहे. चारशे साठ कोटी वर्षं. फळ्यावर शून्यं काढली की पोरं जांभया देतात. म्हणून तिनं ठरवलं की दहा कोटी वर्षांना एक वाव धरायची, आणि शेहेचाळीस वावांचा दोर बंधाऱ्यावर सरळ पसरायचा. एका टोकाला पृथ्वी जन्मली, दुसऱ्या टोकाला आज. मधे जे जे घडलं तिथं जाळ्याचा तरंगता बोया बांधायचा आणि प्रत्येक बोयापाशी एक पोर उभं करायचं.

"टेप नाय तुमच्या शाळेत?"

"आहे की. पण मीटर पुस्तकात राहतो, बाबा. वाव पोरांच्या अंगात आहे. बापाला, आज्याला दोर मोजताना बघतच ही पोरं मोठी झालीत."

खरंच होतं ते. दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव. दर्याची खोली वावेत, जाळ्याचा दोर वावेत. दादूला सुनेचं म्हणणं पटलं, पण तसं कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"आनि त्या दोरावर सगळं येतं? वळीनं?"

"सगळं. आधी कोण आलं, मागून कोण आलं."

दादूचे कान टवकारले. आधी कोण, मागून कोण! अरे, हेच तर पाहिजे होतं. सरकारी शाळा, शिकलेली सून, गावासमोर पसरलेला दोर, आणि त्यावर वळीनं लागलेल्या गाठी. पाटील स्वतः बघायला येणार. त्या दोरावर दादूच्या घराची गाठ आधी आणि ललितच्या घराची चार बोटं मागं बसली की बैठकीत तोंड उघडायचीसुद्धा गरज नाही. हा विचार त्यानं मनातच ठेवला. संध्याकाळी जमनेच्या जुन्या लुगड्यांची एक लाल चिंधी आणि एक निळी चिंधी फाडून त्यानं खिशात घातली. लाल आपली, निळी त्या ललित्याची.

"दोर कुठून आणलास?" पडवीतल्या वेटोळ्याकडे बघत त्यानं सुनेला उगाच विचारलं.

रुचितानं नजर दुसरीकडे वळवली. "ललितकाकांनी दिला. त्यांची नात माझ्याच वर्गात आहे. त्यांनीच मोजून कापून दिलाय. शेहेचाळीस वाव, बरोब्बर."

दादूनं तोंड वाकडं केलं, पण दोर हातात घेतला. चांगला होता, निळा, जाड, डोल जाळ्याचा.

दुसऱ्या दिवशी पडवीत मोजणी सुरू झाली. दादू मोजून दर वावेला एक गाठ मारायचा, रुचिता हातातल्या कागदात बघून बोया कुठं बांधायचा ते सांगायची. दोराच्या टोकाला पृथ्वी जन्मली. त्यानंतर दादू मोजत गेला, मोजत गेला, रुचिता काही बोलेचना.

"अगं, काय बांधू?"

"काही नाही अजून. दगड वितळलेत, पाणी व्हायचंय."

दहाव्या वावेच्या आसपास तिनं एक बोया बांधायला लावला. "इथं पहिला जीव. डोळ्यांना दिसणार नाही एवढा."

दादूनं गाठ आवळली आणि म्हणाला, "चला, सुरुवात तर झाली." पण पुन्हा तेच. वीस झाल्या, रुचिता म्हणाली तो डोळ्यांना न दिसणारा जीवच अजून चाललाय. बाविसाव्या वावेच्या पुढंमागं हवेत प्राणवायू जमायला लागला. तीस झाल्या. पस्तीस झाल्या. दादूचा पारा चढला.

"एवढा दोर वर वडला आनि मासळीचं नाव नाय? कसली ही तुझी पृथ्वी? दुसरा तांडेल असता तर जाळं गुंडाळून घरला गेला असता!"

रुचिता हसली. "ती थांबली, बाबा. कंटाळली नाही."

हे मात्र दादूला कुठंतरी लागलं. थांबणं काय असतं हे त्याला कळत होतं. दर्यावर रात्र रात्र डोल लावून बसलेला माणूस होता तो. त्यानं आवाज खाली आणला आणि पुढं मोजायला लागला. चाळिसाव्या वावेनंतर मग एकदम झुंबड. अंगाचे, हातापायांचे जीव आले. मासे आले, तेव्हा दादूनं स्वतःहून मोठा बोया निवडला. मग झाडं जमिनीवर, मग रानं.

"आणि इथं मासे जमिनीवर चढले," रुचिता म्हणाली. "आपली निवटी असते ना चिखलात? ती नव्हे, तिच्या आधीचे, वेगळेच. पण असेच पंखांवर रेटत आले असतील."

"निवटी आमी तळून खातो."

"म्हणून जरा मान ठेवून खा."

जमना चुलीपाशी बसून ऐकत होती, ती खदखदून हसली. दादूही हसला असता, पण उजवा खांदा आता भणाणायला लागला होता. हात पसरताना तो दात आवळून पसरत होता आणि कुणाला दिसू नये म्हणून मधेच थांबून तंबाखू मळायचा.

शेवटची वाव आली. रुचितानं दोर त्याच्या छातीवरून नेला. "आज तुमच्या डाव्या बोटांच्या टोकाला. मग डायनासोर मेले ते तुमच्या उजव्या खांद्यापाशी. आपल्या किनाऱ्यावरचा काळा खडक आहे ना, तसला खडक घाटापासून इथपर्यंत ओतला गेला, तोही साधारण त्याच सुमाराचा."

"खांद्यापाशीच मरायचं होय त्यांना," दादू पुटपुटला.

त्यानं डाव्या बोटांत आजची गाठ मारली आणि खाली बघितलं. गाठीच्या पुढं दोर अजून पडलेला होता. थोडाथोडका नाही, चांगला चार वाव.

रुचिता गोंधळली. तिनं गाठी पहिल्यापासून मोजल्या. शेहेचाळीस. दादूनं मोजल्या. शेहेचाळीसच.

"बघ!" दादूचा आवाज गल्लीपर्यंत गेला. "ललित्याला साधा दोर मोजता येत नाय, आनि हा गावाचा नारळ टाकनार! शेहेचाळीस सांगतो नि पन्नास देतो!"

"राहू द्या ना बाबा, जास्तच दिलाय. कापू आपण."

पण दादू आता थांबतोय होय? वर्षभर साठलेलं होतं, त्याला अशी सोन्यासारखी संधी सापडली होती. त्यानं दोर खांद्यावर टाकला, डाव्या खांद्यावर, आणि तरातरा ललितच्या अंगणात जाऊन उभा राहिला. तिथं ताडपत्रीखाली पाचसहा जण जाळी शिवत बसले होते. मधे ललित. वर्षानंतर दादूला दारात बघून सगळ्यांचे हात थांबले.

दादूनं दोर त्याच्यापुढं आपटला. "घे. मोज. शेहेचाळीस हाय का पन्नास?"

ललितनं हातातली सुई खाली ठेवली. सावकाश उठला, पृथ्वी जन्मल्याचं टोक हातात घेतलं आणि हात पसरले. दादूची पहिली गाठ त्याच्या बोटांपर्यंत पोचली नाही, सहासात बोटं आधीच आली. त्या गाठीपासून त्यानं दुसरी वाव मोजली. गाठ पुन्हा सहासात बोटं आधी. तिसरी मोजली. पुन्हा तेवढीच.

ललित थांबला. त्यानं वर बघितलं, दादूच्या तोंडाकडे नाही, जरासं बाजूला. मग दोर खाली ठेवला.

"चुकलं माझं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मोजताना ध्यान नव्हतं. चार वाव जास्त गेला."

त्यानं कोयता मागितला, आजच्या गाठीपाशी दोर कापला आणि सवयीनं लायटर काढून टोक जाळलं. नायलॉनचा दोर तसाच ठेवला की उसवत जातो, म्हणून कुणीही कोळी टोक जाळल्याशिवाय दोर हातावेगळा करत नाही. वितळलेलं टोक त्यानं ओल्या बोटांनी दाबलं. काळा टणक मणी तयार झाला. दोर त्यानं दादूच्या हातात दिला.

जाळी शिवणारे एकमेकांकडे बघून गालात हसले. दादू छाती काढून निघाला. वाटेत दोघातिघांना थांबवून त्यानं सांगितलंही, की ललित्या आज सगळ्यांसमोर चुकलो म्हणाला. देवळापाशी येईपर्यंत तो अगदी मजेत होता.

देवळापाशी मात्र त्याची पावलं मंदावली.

ललितनं तीनच वाव मोजल्या होत्या. चार वाव जास्त दिला की नाही हे बघायला अख्खा दोर मोजावा लागला असता. तीन वावांत त्याला काय कळलं? आणि ललित मोजण्यात चुकतो? होडीवर काळोखात, पावसात, तापानं फणफणलेला असतानाही त्याची वाव कधी बोटभर इकडची तिकडं झाली नव्हती. अर्धा दोर त्यानं मोजायचा, अर्धा दादूनं, आणि दोन्ही अर्धे जुळवले की तंतोतंत एक. त्यांचा जुना तांडेल म्हणायचा, तुमच्या दोघांची आई एक असायला पाहिजे होती.

दादू घरी आला. जमनेनं विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं. जमना पापलेट साफ करत होती, तिनं हातातली सुरी खाली ठेवली.

"ललितभावजी चुकले? मोजन्यात? काय तरीच तुमचं."

ती आत गेल्यावर दादू पडवीच्या दोन खांबांमधे जाऊन उभा राहिला. घर बांधताना हे खांब त्यानंच उभे केले होते, एक वाव अंतर ठेवून, एकाला हा हात आणि दुसऱ्याला तो. त्यानं डावा हात खांबाला लावला. उजवा पसरला. कळ आली, त्यानं दात आवळले आणि आणखी पसरला. कोपर सरळ होईना, खांदा उघडेना. खांब सहासात बोटं लांबच राहिला.

दादूनं हात सोडला. तो तिथंच खाली बसला. हात दुखतो हे त्याला माहीत होतं, पण आपली वाव तुटलीय हे त्याला माहीत नव्हतं. आणि ते ललितला कळलं होतं. एका शब्दानं तो सांगू शकला असता, अरे दोर बरोबर आहे, ह्याचेच हात आखडलेत, हा काय नारळ टाकणार! पाच माणसं साक्षीला होती. मान तिथल्या तिथं त्याच्या पदरात पडला असता. त्याऐवजी त्यानं चूक स्वतःच्या अंगावर घेतली. दादूला इतकी शरम वाटली की रात्री त्यानं आवडीचं पापलेटसुद्धा अर्धं टाकून दिलं.

सकाळी तो सुनेला म्हणाला, "पोरी, दोर चुकलाय. माझी वाव लहान भरली. ललितकडून पुन्हा मोजून घे."

रुचितानं त्याच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं की नाही कुणास ठाऊक, पण ती एवढंच म्हणाली, "वाव लहान असो की मोठी, बाबा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाची असली की पृथ्वी बरोबर बसते. सगळ्या तुमच्याच आहेत ना? मग झालं."

बैठकीच्या दिवशी पावसानं उघडीप दिली. दुपारी बंधाऱ्यावर दोर पसरला. पोरं बोयांपाशी उभी राहिली आणि गाव बघायला लोटलं. पलीकडे तारापूरच्या अणुभट्टीचे घुमट ऊन खात होते, खाली काळ्या खडकांवर पाणी फुटत होतं. पहिल्या चाळीस वावांत मोजकीच पोरं होती, ती कंटाळून एकमेकांना खडे मारत होती. शेवटच्या सहा वावांत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. एका पोरानं बादलीतून खाजणातली जिवंत निवटी आणली होती, ती सारखी बादलीच्या कडेवर चढून लोकांकडे डोळे वटारून बघायची. बायका तिच्याचभोवती जमल्या.

दादू पाटलाच्या बरोबर दोराच्या कडेनं चालत आला. अर्ध्या दोरापर्यंत पाटील बडबडत होता, मग हळूहळू गप्प झाला. शेवटच्या टोकाला रुचिता उभी होती. दादूचा हात आपोआप खिशात गेला. चिंध्या होत्या. एवढं सगळं कळूनही माणसाचं मन बघा, त्यानं विचारलंच.

"पोरी, आपलं घर कुठं येतं ह्यावर? घिवलीत आपण आलो ती गाठ?"

रुचितानं दोराचं टोक उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. ललितनं जाळलेलं टोक. तांदळाच्या दाण्याएवढा काळा मणी.

"माणूस जन्मल्यापासून आजवरचं सगळं ह्या मण्यात आहे, बाबा. सगळ्या जगातली माणसं. घिवली गाव म्हणजे केसाच्या जाडीएवढंसुद्धा नाही. गाठ मारायला जागाच नाही."

"आनि त्यातलं आमचं आधी की ललितचं आधी?"

"दोन्ही घरं वितळून एकच झालीत की."

पाटील मोठ्यानं हसला. दादू हसला नाही. तो मणी अंगठ्यानं चोळत उभा राहिला. बाप त्यात, आजा त्यात, पाण्यात कमरेपर्यंत उभी राहून लाटेपार नारळ फेकणारी सगळी माणसं त्यात. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट इतका वेळ, चाळीस चाळीस वाव, कुणीतरी शांतपणे वाट बघितली तेव्हा कुठं हा दाणा आला, या विचारानं त्याला हलकं हलकं वाटलं. खिशातल्या चिंध्या त्यानं तशाच राहू दिल्या.

संध्याकाळी देवळात बैठक भरली. बापे एका बाजूला, बाया एका बाजूला. पाटलानं विषय काढायच्या आधीच ललित उभा राहिला.

"आमच्या घराचं काय म्हननं नाय," तो म्हणाला. त्याच्या भावकीत खळबळ उडाली, एकानं त्याचा सदरा धरून खाली ओढलं, पण तो बसला नाही. "गेल्या साली दादू दवाखान्यात होता म्हनून मी टाकला. मान त्याचा हाय. त्यानं टाकावा."

सगळ्यांनी दादूकडे बघितलं. जमना बायांमधून मान उंच करून बघत होती. दादूला ज्याची आस लागली होती ते आयतं समोर आलं होतं, कुणाशी न भांडता. त्यानं फक्त उठून हात जोडायचे होते.

तो उठला. हात जोडले नाहीत. दोन्ही हात बाजूला पसरायला लागला. डावा सरळ गेला. उजवा कोपरात वाकडाच अडकला. त्यानं तो तसाच धरला, सगळ्यांना नीट दिसेपर्यंत.

"एवढीच राहिलीय माझी वाव," तो म्हणाला. "दोर बरोबर होता. शेहेचाळीसच होता. मीच तोकडा पडलो. ह्या हातानं नारळ लाटेपार जायचा नाय, वाळूवर येल. माझ्या हौसेपायी गावानं का भोगायचं?"

ललित घाईघाईनं म्हणाला, "नाय, नाय. माझंच चुकलं होतं. मी सांगितलं की त्या दिवशी."

"ललित्या, बास कर आता," दादू म्हणाला. "तुझी वाव आजवर कधी चुकली नाय. माझ्यासाठी खोटं बोललास ते बोललास, देवळात तरी बोलू नको. यंदाचा नारळ तू टाक. मी सांगतो म्हनून टाक."

ललितनं खाली बघितलं. पाटलानं इकडंतिकडं नजर फिरवली, मान डोलावली आणि विषय संपवला. दादूनं हात खाली घेतला, भिंतीला टेकून बसला आणि दुसऱ्या हातानं खांदा धरला. लोक पुनवेच्या वर्गणीचं बोलायला लागले, पोरं दाराशी गलका करत होती. थोड्या वेळानं कुणीतरी त्याच्याजवळ येऊन बसलं. दादूनं मान वळवली नाही, पण त्याला कोण ते कळलं.

"जाम दुखतो का रे?" ललितनं हळूच विचारलं.

"दुखतो," दादू म्हणाला. वर्षभरात त्यानं हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं.